रविवारची घोडी

सुलोचना सिस्टर आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पाणी मागितलं नाही की बसायला जागा मागितली नाही. ओसरीवर बसलेल्या माझ्या सासऱ्यांना हात जोडले आणि विचारलं, "आप्पा, तबेल्याचा खराटा कुठं ठेवला हाय?"

मी तेव्हा त्या घरात नवी सून होते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. उपकेंद्राची नर्स आमच्या दारात येऊन खराटा का मागते, हे आप्पांनाही कळेना. त्यांनी पान थुंकलं आणि म्हणाले, "खराटा? तुम्हाला कशाला हो बाई?"

"तुमचा मोतद्दार गेला कामावर. घोडीच्या पायाखाली लीद साचून राहिली. अजून चार दिस असंच गेलं तर खूर सडतील तिचे."

ते खरं होतं. आमचं गाव निलंगा तालुक्यात, किल्लारीच्या खालच्या अंगाला, तेरणेच्या काठी. आप्पांचा कापडाचा धंदा होता. आठवड्यातले दोन बाजार ते घोडीवर गाठोडी लादून करीत. लाली नावाची ती तांबडी घोडी त्यांनी माळेगावच्या यात्रेतून आणली होती आणि तिचं सगळं बघायला इस्माईलभाई हा मोतद्दार होता. पण बहात्तरचा तो दुष्काळ. पाऊस लागोपाठ फसलेला. इस्माईलभाई बायकोपोरांना घेऊन पाझर तलावाच्या कामावर गेला, कारण तिथं घरातल्या प्रत्येक हाताला मजुरी होती आणि पोरांना सुकडी मिळत होती. तबेल्यात जायला कुणी उरलं नव्हतं. आमच्या यजमानांना दुकान होतं, आप्पांची कंबर धरलेली, आणि बायकांनी तबेल्यात पाय ठेवायचा नाही असा माझ्या सासूबाईंचा, अव्वांचा दंडक.

सिस्टर ओसरीच्या पायरीशी उभ्या राहूनच बोलत होत्या. "मी रोज सकाळी तबेला झाडते, लीद उचलते, खरारा करते, पाणी पाजते. बदल्यात बाजाराचे दोन दिस सोडून घोडी मला द्यायची. वाड्यांवर जायाला. चालत जाऊन येईस्तोवर दिस मावळून राहिला. एका वाडीला गेलं की दुसरी ऱ्हाती."

"घेऊन जा की मग. सरकारी काम हाय. त्याला लीद कशाला उचलायला लागती?"

"फुकट न्हाई घेणार आप्पा. फुकट घेतलेलं कुणीबी कवाबी परत मागतं. कामाच्या बदल्यात घेतलं की ते माझं ऱ्हातं, तेवढ्या वेळापुरतं तरी."

"घोड्यावर बसता येतं?"

"न्हाई. शिकीन."

आप्पा हसले. त्या वर्षात मी त्यांना हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. कोपऱ्यात उभा केलेला खराटा त्यांनी बोटानं दाखवला.

सिस्टर तेव्हा तिशीच्या पुढं असतील. काटक बांधा, काळा रंग, केस चापूनचोपून बांधलेले. उपकेंद्र म्हणजे शाळेमागची एक खोली, आणि तिच्याच मागच्या बाजूला त्यांचं राहणं. नवऱ्याबद्दल अव्वांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "हाय. पुसदला हाय. दुसरी हाय त्याच्यापाशी." एवढं सांगून त्या खराऱ्यात अडकलेले केस काढत बसल्या. जातीबद्दलही अव्वांनी आडून विचारलं होतं. "तुम्ही कोणच्या म्हणायच्या?" "हदगावच्या." "गाव न्हाई इचारलं मी." "मी गावच सांगते, अव्वा." पुढं कधी अव्वांनी तो विषय काढला नाही, पण सिस्टरांसाठी चहाची बशी मात्र वेगळी ठेवली. सिस्टरनी ती पहिल्याच दिवशी ओळखली. चहा पिऊन झाला की त्या बशी स्वतः विसळत आणि जाता जाता आमच्या दोन घागरी भरून ठेवत. चहासुद्धा त्यांनी फुकट घेतला नाही.

घोड्यावर बसायला त्यांना आप्पांनी शिकवलं, पण कसं ते ऐकण्यासारखं आहे. परक्या बाईला घोड्यावर चढताना पाहणं आप्पांना बरं वाटेना. म्हणून ते ओसरीवर अंगणाकडं पाठ करून बसत आणि नुसत्या टापांच्या आवाजावर सांगत. "टाच लावू नका बाई, गुडघे आवळा... लगाम ओढला तुम्ही, सैल सोडा... आता पडाल." आणि खरोखर धप्पकन आवाज येई. आप्पा पाठमोरेच विचारत, "लागलं काय?" अंगणातून उत्तर येई, "न्हाई, धुरळा हाय नुसता." पांढऱ्या साडीत घोड्यावर बसता येईना, तर सिस्टरनी आत पायजमा घातला आणि वर साडीचा कासोटा मारला. बायका पाण्याला जाताना थांबून हसत. सिस्टरही हसत. "हसा की. तुमच्याच पोरीच्या बाळंतपणाला येणार हाय मी ह्याच पायजम्यावर."

आठ-पंधरा दिवसांत त्या बसायला शिकल्या. मग रोजचा क्रम ठरून गेला. उजाडायच्या आत खराट्याचा आवाज सुरू व्हायचा. मी चूल पेटवताना तो ऐकायचे. लीद पाटीत भरून उकिरड्यावर टाकायच्या, लालीचे खूर खिळ्यानं कोरून काढायच्या, खरारा करायच्या. खरारा करताना त्या घोडीशी बोलत असत, आणि ते बोलणं माणसाशी बोलावं तसंच. "आज वरच्या वाडीला जायाचं हाय बया. तिथं हगवण लागून राहिली. तुला चढ आवडत न्हाई, मला ठाऊक हाय. मलाबी आवडत न्हाई."

पाण्याचा प्रश्न मोठा होता. गावची विहीर तळाला गेलेली, आणि माणसांना पाणी नसताना घोडीला बादल्या कशा ओतायच्या? कुणीतरी बोललंच. दुसऱ्या दिवसापासून सिस्टर लालीला नदीत नेऊ लागल्या. तेरणा पार कोरडी होती, नुसती वाळू. त्या वाळूत हातानं खड्डा करून बसत, पाणी झिरपायला वेळ लागे, मग वाटीवाटीनं घमेल्यात भरून तिला पाजत. गावाच्या विहिरीचा थेंबही त्यांनी घोडीला दिला नाही.

मग लाल कार्बोलिक साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या. इतके, की बोटांची कातडी उलली होती. अव्वा आतून बघत असत. एकदा म्हणाल्या, "कितीबी धुवा, लिदीचे हात ते." आप्पा जेवत होते. म्हणाले, "आपल्या लिंगायतांत इटाळ मानत न्हाईत म्हणं." अव्वांनी त्यांच्या ताटात भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "ते मठात. बाळंतिणीच्या खोलीत न्हाई."

अव्वाच असं म्हणत होत्या असं नाही. गावातल्या चांगल्या घरांनी हळूहळू तेच धरलं. जी बाई सकाळी तबेला झाडते तिचे हात आपल्या सुनेला लावायचे नाहीत. म्हणजे घोडी मिळाली म्हणून सिस्टर लांबच्या वाड्यांवर पोचू लागल्या, आणि घोडी जशी मिळवली त्यापायी गावातली दारं त्यांना बंद होऊ लागली. मी एकदा त्यांना म्हटलं, "सिस्टर, आप्पांना सांगा, असंच घोडी देतील. कशाला तो तबेला?" त्या म्हणाल्या, "सरू, हाताला वास लागतो. इटाळ न्हाई लागत. वास जातो." आणि पुन्हा हात धुवायला लागल्या.

त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी एकदाच ऐकलं. दिवाळी होऊन गेली होती, म्हणजे ती तिथीनं आली आणि गेली एवढंच. रविवार होता. झाडणं, खरारा, सगळं उरकून त्या ओसरीपाशी आल्या. "आप्पा, आज कुठं जायाचं न्हाई. तरी घोडी नेऊ काय जरा?"

"कुठं?"

"कुठं न्हाई. नदीत. माझ्यापुरतं."

आप्पांना ते समजायला वेळ लागला. कामाशिवाय कुणी घोड्यावर बसतं, तेही बाई, आणि तेही अशा वर्षात! पण सिस्टरनी आठवडाभर तबेला झाडला होता आणि बदल्यातला त्यांचा वेळ त्यांचा होता. आप्पा म्हणाले, "न्या. आपलं ठरलंय तसं."

मी माळवदावर मिरच्या वाळत घालायला गेले होते. तिथून नदीचं पात्र दिसतं. सिस्टरनी आधी घोडीला चालवलं, मग दुडक्या चालीनं, आणि मग एकदम सोडली. वाळूचा लोट उठला. पदर मागं उडत होता, तो त्यांनी सावरला नाही. पात्राच्या वळणापर्यंत जाऊन त्या परतल्या, आणि परतताना त्यांचा चेहरा मला दिसला. ज्या बाईचा चेहरा मी रोज सकाळी बघत होते ती ही नव्हे असंच वाटलं. वीस वर्षांची पोर असावी तशा दिसत होत्या. त्या दिवसापासून दर रविवारी तो तास त्यांचा झाला. "माझ्यापुरतं जाऊन येते," म्हणायच्या. गावानं त्याला नाव ठेवलं, सिस्टरची हवाखोरी. पण सुरुवातीला ते नुसतं चेष्टेचं होतं.

त्यातल्याच एका रविवारी वरच्या वाडीचा मारुती धावत आमच्या दारात आला. वाडी डोंगराच्या पलीकडं, पायी यायला त्याला सकाळ लागली होती. त्याची बायको कोंडाबाई पहाटे बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. उपकेंद्राला कुलूप होतं म्हणून तो इकडं आला. "सिस्टर कुठं हायत?" आप्पा म्हणाले, नदीत. आमचे यजमान आणि मारुती दोघं पात्रात पळाले. सिस्टर त्या दिवशी वळणाच्या पुढं गेल्या होत्या. हाका पोचेनात. शोधून, गाठून, त्यांना सांगेपर्यंत बराच वेळ गेला. त्यांनी घोडी तशीच उपकेंद्रावर आणली, पिशवी घेतली आणि निघाल्या. गावातून जाताना त्यांनी लालीला जशी पळवली तशी मी त्या घोडीला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

कोंडाबाई त्या पोचायच्या थोडं आधी गेली होती. अंग अजून गरम होतं, असं सिस्टरनीच पुढं सांगितलं. मूलही त्याच आठवड्यात गेलं.

संध्याकाळी सिस्टर घोडी घेऊन चालत परत आल्या. बसून नाही, लगाम धरून चालत. लालीला बांधलं, घाम पुसला, दाण्याची चंदी घातली. मी दारातून म्हटलं, "सिस्टर, चहा ठेवते." त्यांनी मान हलवली. नको म्हणाल्या की ऐकलंच नाही, कळलं नाही.

मग गाव बोलायला लागलं. बाई मरत होती आणि सिस्टर हवा खात होत्या. घोडं दिलं कशाला, गमतीला? ज्या लोकांनी सिस्टरना कधी दारात उभं केलं नव्हतं तेही बोलत होते. कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला. आठवड्याभरात आरोग्य केंद्राचे डॉक्टर जीपनं चौकशीला आले. चौकशी आमच्याच ओसरीवर झाली, कारण घोडी आमची. अर्धं गाव अंगणात जमलेलं. मारुतीही आला होता, भिंतीला टेकून खाली बघत उभा होता.

डॉक्टर तरुण होते, त्यांनाही ते काम नकोसं झालेलं दिसत होतं. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठं होता?"

"नदीत. घोडीवर," सिस्टर म्हणाल्या.

"कशासाठी?"

सिस्टर बोलायच्या आत आप्पा पुढं सरकले. "मी धाडलं होतं साहेब. घोडीला पाणी पाजायला. गावच्या विहिरीचं पाणी बाई घोडीला देत न्हाईत, नदीत झिरा करून पाजतात. सगळ्या गावाला ठाऊक हाय. इचारा कुणालाबी."

आप्पा खोटं बोलत नसत. कापड मोजताना बोटभर जास्त सोडणारा माणूस. विभूती लावलेल्या कपाळानं, सगळ्या गावासमोर ते एका परक्या बाईसाठी खोटं बोलले होते. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. त्यांनी कागदावर लिहायला पेन टेकवलं. तेवढं लिहिलं असतं तर सगळं मिटलं असतं.

सिस्टर म्हणाल्या, "आप्पा, पाणी पाजून झालं होतं."

आप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं.

"पाणी आधीच पाजलं साहेब. मग मी फिरायला गेले. माझ्यापुरतं. रविवारची सुट्टी हाय मला, पण उपकेंद्राच्या दाराला मी कुठं हाय ते लिहून गेले न्हाई. ते चुकलं. लिहा."

डॉक्टरांनी पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "सिस्टर, विचार करून बोला."

"आठ दिस इचारच करून राहिले."

मारुतीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. चौकशी संपल्यावर सगळे पांगले, तेव्हा तो एकटाच थोडा वेळ अंगणात थांबला होता. सिस्टर त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मग तो निघून गेला.

त्या रात्री आप्पा जेवले नाहीत. अव्वांना म्हणाले, "मला खोटं पाडलं न्हाई त्या बाईनं. मला वाचवलं."

सिस्टरांवर ठपका आला, बदली होणार असंही ठरलं, फक्त जागेवर दुसरी नर्स यायला हवी होती आणि त्या साली आमच्या भागात यायला कुणी तयार नव्हतं. तोवर त्या राहिल्या. आणि सकाळचा खराटा चालूच राहिला. लीद, खरारा, नदीतलं पाणी, सगळं तसंच. वाडीवर जायचं असलं की त्या घोडी नेत. पण रविवारी काम उरकलं की खराटा जागेवर ठेवून सरळ घरी जात. एका रविवारी आप्पा स्वतःहून म्हणाले, "बाई, घोडी नेत न्हाई काय आज?" त्या म्हणाल्या, "न्हाई आप्पा." "तुमचं ठरलंय की." "माझं ठरलं होतं. आता न्हाई." लाली मात्र रविवार ओळखायची. त्या जायला निघाल्या की ती खुंट्याभोवती फिरायची.

मला तेव्हा दिवस भरत आले होते. घरात रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या तांबड्या भाकरी, दूध नाही, माझे पाय सुजलेले. माहेर उदगीरला, पण तिकडंही पाण्याचे हाल, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. अव्वांनी गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला सांगून ठेवलं. मी दोन रात्री झोपले नाही. मग एके सकाळी, सगळ्यांसमोर, आप्पाही ओसरीवर असताना मी म्हटलं, "मला सिस्टर पाहिजेत."

अव्वा म्हणाल्या, "येडी झालीस? त्या हातावर एक बाई मेली."

"त्यांच्या हातावर न्हाई मेली, अव्वा. त्या पोचल्याच न्हाईत."

"आन् लिदीचं?"

मी काय बोलले ते मला नीट आठवतं, कारण त्या घरात मी इतकं मोठ्यानं पहिल्यांदा बोलले होते. "ज्या बाईनं स्वतःला वाचवायला खोटं सांगितलं न्हाई, ती मला तरी खोटं सांगणार न्हाई. मला भीती वाटती अव्वा. मला खरं सांगणारं माणूस जवळ पाहिजे."

अव्वा आप्पांकडं बघायला लागल्या. आप्पा म्हणाले, "तिचा जीव हाय. तिला इचारा."

सिस्टरनी मला तपासलं. पोटाला हात लावून बराच वेळ बसल्या. मी विचारलं, "मी मरेन का?"

"मला ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या. "पाय सुजले हायत, ते मला आवडलं न्हाई. पण तुझं होईस्तोवर मी ह्या गावातून हलणार न्हाई. वाडीवर कुणाला गरज पडली तर निलंग्याला सांगावा धाडीन, दुसरी नर्स मागवीन. तुला सोडून जाणार न्हाई."

आणि त्या हलल्या नाहीत. सकाळी तबेला, मग माझ्या उशाशी. कळा सुरू झाल्या त्या दिवशी उजाडल्यापासून त्या खोलीतच होत्या. तबेल्याकडं जायला त्यांना सवड मिळाली नाही. आत कण्हत असताना मला मध्येच एक आवाज ऐकू आला, खर् खर्, खराट्याचा. मला वाटलं मला भास होतोय. सिस्टरनीही मान वर करून ऐकलं.

बाहेर अव्वा तबेला झाडत होत्या, हे यजमानांनी मला मागाहून सांगितलं. लुगडं वर खोचून, नाकाला पदर लावून. त्यांनी लीद पाटीत भरली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. जन्मात त्यांनी तिथं पाय ठेवला नव्हता. दुपारी मला मुलगा झाला, तो रडला, तेव्हा अव्वा दारात आल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत धुतलेले होते. सिस्टरना म्हणाल्या, "आजचं तुमचं काम झालं हाय. चुकलं न्हाई." सिस्टरनी नुसती मान हलवली. मग रडू आवरताना त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि त्या बाळाकडं वळल्या. संध्याकाळी चहा आला तो घरातल्या कपबशीत आला. सिस्टरनी चहा पिऊन कप तसाच ठेवला. विसळला नाही. मी खाटेवरून ते बघत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कडबा संपला. आप्पांनी लाली बिदरकडच्या एका माणसाला दिली. त्याच्याकडं चारा होता एवढंच बघितलं. ती गेली त्या सकाळी सिस्टरनी तिला रोजच्यापेक्षा जास्त वेळ खरारा केला आणि तो माणूस लगाम धरून निघाल्यावर वेशीपर्यंत मागं गेल्या. पुढच्या महिन्यात त्यांची बदली देगलूरकडं झाली. त्या एसटीत बसायला निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "पोराला उकळलेलं पाणी पाज. बाकी काय लक्षात ठेवू नको."

मधे बरीच वर्षं गेली. आप्पा गेले. लातूर जिल्हा झाला. जमिनीच्या कागदासाठी आधी उस्मानाबादला जावं लागायचं, ते आता लातूरला जावं लागू लागलं. नव्या कचेऱ्यांची नुसती धांदल होती, भाड्याच्या इमारती, ताज्या रंगाच्या पाट्या, खोक्यात बांधून आणलेल्या फायली. यजमान रांगेत उभे होते आणि मी बसस्टँडवर एका बाकावर बसले होते. शेजारी चष्मा लावलेली, केस पिकलेली एक बाई पिशवी घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सरू न्हाईस काय तू?"

त्या नांदेडवरून हदगावला भावाकडं चालल्या होत्या. नोकरी अजून काही वर्षं उरली होती, ती लातूरच्या नव्या कचेरीत की नांदेडला, हे ठरायचं होतं. गुडघे धरले होते. "आता जीप हाय आम्हाला," त्या म्हणाल्या. "जीप हाय तर डिझेल न्हाई, डिझेल हाय तर डायव्हर न्हाई. पण हाय." अव्वांची चौकशी केली, मुलाची केली. मग चष्मा काढून पदराला पुसत बसल्या. मी काहीच विचारलं नव्हतं. त्याच बोलल्या.

"कोंडाबाई रोज येती माझ्या डोळ्यांपुढं. सगळे मला म्हणतात, तू वेळेवर गेली असतीस तरी ती वाचली नसती. मी म्हणते, वाचली असती. कदाचित वाचली असती. ते माझ्यासंगं जाणार. त्याचं काय करता येत न्हाई."

मी त्यांचा हात धरला. कार्बोलिकचा वास नव्हता आता, पण कातडी तशीच उललेली होती.

"लई वर्सं मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "ती रविवारची घोडी माझ्या जन्मातून खोडून टाकावी. तेच पाप म्हणावं. म्हणायचे बी. कुणी घोड्याचं नाव काढलं तरी उठून जायचे. पण सरू, ते खोटं न्हवतं. त्या सकाळी वारा लागून राहिला होता, आन् मला वाटलं, मी कुणाची टाकलेली न्हाई, कुणाची चाकर न्हाई. मला लई बरं वाटलं होतं. ती मेली हेबी खरं, आन् मला त्याच वेळी बरं वाटलं हेबी खरं. एक झाकाया दुसरं पुसाया लागले, तर त्या दिवशी डॉक्टरपुढं मी खरं बोलले ते कशासाठी?"

मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला.

नांदेडची गाडी लागल्याचं कुणीतरी ओरडलं. लोक उठले, पिशव्या, पोरं, धक्काबुक्की. सिस्टरही गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. समोरच्या खांबाला टेकून एक बाई जमिनीवर बसली होती, पोट पुढं आलेलं, चेहरा पांढरा पडलेला. शेजारची म्हातारी तिला पदरानं वारा घालत होती. बाकी कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

सिस्टरनी हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "जरा धर गं," म्हणाल्या, आणि त्या बाईपाशी जाऊन खाली बसल्या. गुडघे दुखत असणार, बसताना त्यांनी खांब धरला. मला त्यांचा आवाज ऐकू आला, "कितवा महिना हाय बाई? कवापासून दुखून राहिलं?"

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. नांदेडची गाडी निघून गेली. सिस्टरनी वळून पाहिलं नाही. मी त्यांची पिशवी धरून तिथंच बसून राहिले.